जुन्या पिकअपचे शॉकअप : दहा हजारांत बसवायचे काम

5 ऑक्टोबर 2025, रविवार

गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, 2012 सालची, पिवळ्या नंबरप्लेटची. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट आणि मुरबाडवरून कल्याण गाठायचे, तिथून वाशी, आणि परतीला रिकामे क्रेट घेऊन यायचे, हा तिचा नेहमीचा रस्ता. चालवतो माझा पुतण्या. देखभालीचे काम मात्र, मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत होतो तेव्हापासून, माझ्याकडेच राहिले आहे.

दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा पुढच्या डाव्या टायरची झीज नजरेत भरली होती, म्हणून आज सवडीने सगळे पाहिले. पुतण्याची तक्रार त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवतो, कारण तिच्यात अर्धे निदान आहे. तो म्हणाला, “काका, भरलेली असली की काही जाणवत नाही. रिकामी आणताना मात्र मागचा हौदा नुसता नाचतो, आणि खड्ड्यात ब्रेक मारला की मागची चाकं जमिनीला आहेत की नाहीत तेच कळत नाही.” एका गॅरेजने चारही शॉकअप (चाकांची उसळी आवरणारे तेलाचे शॉक अब्सॉर्बर), सगळे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवून त्यांना नव्याने बाक देणे आणि मजुरी मिळून 16,000 रुपयांचा अंदाज दिला आहे. दिवाळी तोंडावर असताना आमच्या हाताशी 10,000 रुपये आहेत. शॉकअप घरी बदलायचे, पाट्यांचे काम खरोखर लागेल तेवढेच बाहेरून करून घ्यायचे, असे ठरवले.

टायर आधी पाहिला. तळवा टायरच्या रुंदीवर आडवा फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. चाकांचा टो (वरून पाहता पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) चुकलेला असेल तर एका दिशेने हात सहज सरकतो आणि उलट दिशेने रबराच्या धारदार कडा बोटांना अडतात. तशी अडचण इथे अगदी थोडी होती. मग तळवा टायरच्या परिघावरून गोल फिरवला, तेव्हा बाहेरच्या कडेला उंचवटा, खोलगट भाग, पुन्हा उंचवटा अशा लहरी स्पष्ट लागल्या. चाक रस्त्यावर सलग दाबून न राहता उड्या मारत पळते, तेव्हा रबर असेच टप्प्याटप्प्याने झिजते. टोच्या चुकीने ही लहर येत नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असला किंवा बॅलन्सिंग बिघडले असले तरी असे होऊ शकते, म्हणून चाक उचलून, वर-खाली धरून हलवून पाहिले. बेअरिंग आणि किंगपिन (पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती पिन) ठीक आहेत.

बंपरवर भार देऊन गाडी खाली दाबायची आणि ती किती वेळा हेलकावते ते मोजायचे, ही सर्वांना ठाऊक असलेली कसोटीही केली, पण तिच्यावर मी विसंबत नाही. या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटेच आहेत, आणि एकावर एक घासणाऱ्या पाट्यांचे घर्षण माणसाच्या जोराने होणारी हालचाल लगेच थांबवते. त्यामुळे शॉकअप पूर्ण मेलेले असले तरी उभ्या पिकअपमध्ये ही कसोटी “सर्व ठीक” असेच उत्तर देते.

7 ऑक्टोबर, मंगळवार

गाडी पहाटे वाशीहून निघून रिकामी परत आली. शेवटचा टप्पा खराब रस्त्याचा असल्यामुळे आजचा दिवस सोयीचा होता. गाडी अंगणात थांबताच चाकांना लाकडी गुटके लावले आणि चारही शॉकअपच्या नळ्यांना हाताची मागची बाजू टेकवून पाहिली. सायलेन्सरचा पाइप जवळून जातो, म्हणून आधी अंतराने ऊब घ्यावी आणि मगच हात लावावा.

मागचा डावा शॉकअप शेजारच्या चासीइतकाच थंड होता. मागचा उजवा चांगला गरम होता. पुढचे दोन्ही कोमट होते, आणि दोहोंच्या नळीवर तेल व धूळ मिळून झालेला काळा राप चढलेला होता. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा असणे दोष नव्हे, कारण दांड्याबरोबर सीलमधून तेलाचा बारीक थर बाहेर येतच असतो. इथे मात्र राप नखाने खरवडला की खालून ओले तेल दिसत होते आणि त्याचा ओघळ नळीच्या तळापर्यंत गेलेला होता.

थंड-गरम पाहण्यामागचे कारण सरळ आहे. पाटा दबला की ऊर्जा साठवतो आणि सुटला की ती परत देतो. शॉकअपमधला दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलत राहतो, आणि ही परत येणारी ऊर्जा उष्णतेत बदलून बाहेर टाकतो. खराब रस्ता तुडवून आलेला शॉकअप थंड असेल, तर त्याने काही काम केलेलेच नाही. अशा वेळी जोडीतला चांगला शॉकअप जास्त तापलेला आढळतो, कारण आसाच्या (दोन चाकांमधल्या अ‍ॅक्सलच्या) डोलण्याचा बराचसा भार त्याच्यावर पडतो.

9 ऑक्टोबर, गुरुवार

आज अवजारांना हात लावला नाही, पण पुतण्याशी झालेले बोलणे खरेदीवर परिणाम करणारे असल्याने लिहून ठेवतो. त्याचे म्हणणे असे की खर्च करायचाच आहे तर बाजारात मिळतात ते जाड, कडक शॉकअप घ्यावेत, म्हणजे क्रेट जास्त भरता येतील आणि गाडी मागे बसणार नाही. ही समजूत चालकांमध्ये इतकी पक्की आहे की तिच्यापायी अनेकांचे पैसे वाया जातात.

आपल्या गाडीतला शॉकअप वजन पेलत नाही. वजन पाटे पेलतात. शॉकअप काढून ठेवला तरी उभ्या गाडीची उंची तेवढीच राहते. गाडी मागे बसत असेल तर पाटे थकले आहेत, तुटले आहेत किंवा माल मर्यादेपेक्षा जास्त आहे, आणि या तिन्हींवर शॉकअप हा उपाय नव्हे. शॉकअप ठरवतो तो हालचालीचा वेग. चाक खड्ड्यातून वर येताना तो थोडा विरोध करतो आणि पाटा सुटून चाक खाली फेकले जाताना त्याहून बराच अधिक. बहुतेक गाड्यांत हा परतीचा विरोध दबण्याच्या विरोधापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. गरजेपेक्षा कडक शॉकअप बसवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला पूर्ण खाली यायला सवडच मिळत नाही, ते वरच अडकल्यासारखे राहते, आणि दणके चासीच्या ब्रॅकेटांना व हौद्याच्या जोडांना बसू लागतात.

भरलेल्या गाडीत दोष का लपतो, तेही यावरूनच समजते. भार पडला की पाटे एकमेकांवर घट्ट दाबले जातात, त्यांचे घर्षण वाढते, आणि वरचे वजन जड असल्यामुळे ते संथपणे वर-खाली होते. अशी संथ हालचाल पाटे स्वतःच बऱ्यापैकी आवरतात. रिकाम्या गाडीत तेच ताठ पाटे जवळजवळ सरळ असतात आणि वरचे वजन नगण्य असते. मग उडी मारते ते खाली असलेले आस, डिफरन्शियल आणि चाके यांचे जड कुटुंब, तेही सेकंदाला दहाच्या आसपास वेळा. या जलद थरथरीला पाट्यांच्या घर्षणाने लगाम बसत नाही, तो शॉकअपनेच बसतो. ब्रेक मारताना चाक हवेत असेल तर त्या क्षणी ब्रेक नसल्यासारखाच. म्हणून ही दुरुस्ती रिकाम्या परतीच्या प्रवासासाठी आहे, आणि तिचा हिशोबही तसाच ठेवायचा आहे.

पुतण्याला हे पटले. निदान दुकानात तो गप्प बसेल एवढे तरी पटले.

11 ऑक्टोबर, शनिवार

पुण्यात नाना पेठेत जाऊन भाव काढले. निघण्यापूर्वी गाडीखाली झोपून चारही शॉकअपची वरच्या डोळ्याच्या (टोकाच्या कडीच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, डोळ्याची रुंदी आणि पिनेची जाडी मोजून घेतली होती. बोलेरो या नावाखाली मोटारही येते आणि पिकअपही, त्यातही भारक्षमतेनुसार प्रकार आहेत, आणि दुकानदार “बोलेरोचे द्या” एवढ्यावर समोर येईल तो खोका काढून देतो. लांबी कमी असलेला शॉकअप चाक खाली लोंबले की ओढला जाऊन तुटतो, आणि जास्त लांबीचा गाडी भरल्यावर आतल्या आत तळाला आपटतो.

समोर आलेला सर्वांत स्वस्त पर्याय जुने शॉकअप “भरून” घेण्याचा होता. नळी कापतात, नवे सील आणि तेल घालतात, वेल्डिंग करतात आणि वरून काळा रंग मारतात. नव्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात काम होते. तरी मी नाही म्हटले. झिजलेली असते ती झडप आणि दट्ट्याभोवतीची कडी, आणि ती या कामात बदलली जात नाहीत. तेल कोणत्या घट्टपणाचे होते हे भरणाऱ्याला माहीत नसते. शिवाय डाव्या आणि उजव्या नळीचा विरोध सारखा येईल याची कोणतीच खात्री नसते. भंगारातून काढलेल्या शॉकअपबद्दल वेगळे काही लिहायला नको.

गॅस भरलेले शॉकअपही पाहिले. त्यांतला कमी दाबाचा नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. सतत खराब रस्त्यावर धावताना साध्या शॉकअपमधल्या तेलात हवेचे बुडबुडे मिसळतात, आणि फेसाळलेले तेल छिद्रांतून फुकट निघून जाते, हे खरे आहे. पण आमच्या रस्त्याचा मोठा भाग आता बरा आहे, खराब पट्टे तुटक आहेत, आणि किमतीतला फरक चार नगांवर जड होत होता. त्यामुळे मूळ गाडीत येतात तसे साधे, दुहेरी नळीचे, तेलाचे शॉकअप घेतले. गॅब्रिएल इंडिया या 1961 साली सुरू झालेल्या कंपनीचा एक कारखाना आमच्याच पुणे–नाशिक महामार्गावर चाकणला आहे, आणि तिचा माल नाना पेठेतल्या बहुतेक दुकानांत असतो. तोच घेतला.

भावाबद्दल एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. 22 सप्टेंबरपासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला आहे, आणि शॉकअपवर तो आधी 28 टक्के होता. म्हणजे जुन्या कराने 1,600 रुपयांना असलेला नग आता 1,475 रुपयांना पडायला हवा. खोक्यावर जुनी किंमत छापलेली आणि शेजारी सुधारित किमतीची चिकटपट्टी होती. पहिल्या दुकानात जुन्या किमतीवर “सवलत” देऊन नव्या किमतीइतकाच आकडा सांगत होते. तिथून निघालो आणि पुढच्या दुकानात पक्के बिल घेतले. मागचे दोन प्रत्येकी 1,475 आणि पुढचे दोन प्रत्येकी 1,290, म्हणजे एकूण 5,530 रुपये.

मागचा उजवा अजून काम करतो आहे, तरी तोही बदलणार आहे. एका आसावर एक नवा आणि एक जुना असला तर ब्रेक मारताना किंवा वळणावर गाडी एका बाजूला वेगळी वागते, आणि माळशेजच्या उतारावर तसे वागणे परवडत नाही. पैसे अगदीच कमी असते तर मी फक्त मागची जोडी घेतली असती आणि पुढची जोडी महिन्याने, पण जोडी फोडली नसती.

12 ऑक्टोबर, रविवार

सर्व नटांवरची माती तारेच्या ब्रशने काढली आणि गंज सोडवणारा स्प्रे मारला. आठवडाभर रोज संध्याकाळी थोडा थोडा मारायचे काम पुतण्याकडे दिले. एकदाच भरपूर मारून लगेच पाना लावण्यापेक्षा हे स्वस्तही पडते आणि गुणकारीही ठरते.

19 ऑक्टोबर, रविवार

मागची जोडी आज बदलली. कॉइल स्प्रिंगच्या मोटारीत शॉकअप काढण्यासाठी दाबलेली स्प्रिंग सांभाळावी लागते आणि तिथे जिवाचा धोका असतो. पाट्यांच्या पिकअपमध्ये शॉकअप पाट्यापासून स्वतंत्र लटकलेला असतो आणि गाडी जमिनीपासून एवढी उंच असते की चाके न काढता, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच काम होते. जॅक लावायची गरजच पडली नाही. चाकांच्या पुढे-मागे गुटके, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि चावी माझ्या खिशात, एवढी व्यवस्था पुरली.

उजवा शॉकअप 19 नंबरच्या गोटी पान्याने फारशी कुरकुर न करता निघाला. डाव्याचा वरचा नटही सुटला. खालच्या पिनेवर मात्र स्प्लिट पिन गंजून नटातच चुरा झाली होती आणि नट निघाल्यावरही डोळा पिनेवरून हलेना. रबराच्या आतली लोखंडी नळी पिनेशी गंजाने एकजीव झाली होती. अशा ठिकाणी दोन गोष्टी करू नयेत. पिनेच्या तोंडावर हातोडा मारला तर आटे मिटतात आणि मग पिन जिच्यावर आहे ती पूर्ण प्लेट बदलावी लागते. गॅसची ज्योत लावली तर रबराचा विषारी धूर होतो, आणि तेलाने भरलेली बंद नळी शेजारीच असते.

आधी हॅक्सॉने रबर कापून डोळा वेगळा केला आणि शॉकअप खाली आला. पिनेवर नळी तेवढी उरली. पाण्याची बादली आणि ओले गोणपाट शेजारी ठेवून, डिझेल टाकीच्या बाजूला पत्रा आडवा धरून, ग्राइंडरच्या पातळ चकतीने त्या नळीवर लांबीच्या दिशेने एक चीर पाडली. चीर पूर्ण खोल नेली नाही. लोखंडाचा शेवटचा पापुद्रा राहू दिला, म्हणजे चकती पिनेला लागत नाही. मग चिरेत छिन्नी उभी धरून दोन हलके ठोके दिले, तेव्हा नळी शेंगेसारखी उकलली आणि बोटांनी काढता आली. पिन पॉलिश पेपरने साफ करून व्हर्नियरने मोजली. झीज नाममात्र आहे आणि आटे शाबूत आहेत.

काढलेला डावा शॉकअप उभा धरून दांडा वर ओढला आणि सोडला, तो स्वतःच्या वजनाने सरळ खाली गेला. आत तेल नावालाच होते. उजव्याचा दांडा पहिला तळहातभर मोकळा जात होता आणि नंतर एकदम अडत होता. हात लावला तेव्हा तो गरम लागला होता, तरी तोही निम्मा संपलेलाच होता.

नवा शॉकअप खोक्यातून काढून तसाच बसवू नये. दुकानात तो आडवा पडून असतो, त्यामुळे बाहेरच्या नळीतली हवा आतल्या नळीत, दट्ट्याच्या खाली शिरलेली असते. दांडा वर ठेवून शॉकअप उभा धरावा आणि दांडा पूर्ण ओढावा. मग तो उलटा करून दांडा पूर्ण दाबावा, आणि पुन्हा सरळ करून ओढावा. असे चार-पाच वेळा केले की मधला पोकळ टप्पा नाहीसा होतो आणि पूर्ण लांबीभर सारखा विरोध लागतो. तोवर हात भरून येतात. त्यानंतर बसवेपर्यंत तो आडवा ठेवायचा नाही. दुहेरी नळीचा शॉकअप बसवताना तेलाची नळी खाली आणि धूळरोधक टोपण वर असावे लागते. दांड्याला पकड किंवा पाना कधीही लावू नये. चकाकणाऱ्या पृष्ठभागावर एक ओरखडा पडला तरी सील तिथून फाटत जाते.

पिनेवर ग्रीसचा पातळ हात दिला, म्हणजे पुढच्या वेळी ग्राइंडर काढावा लागणार नाही. रबरावर मात्र ग्रीस लावले नाही, साबणाचे पाणी वापरले, कारण खनिज तेलाने रबर फुगते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच नट शेवटचे आवळले. चाके लोंबत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पिळून पकडले जाते, गाडी खाली आली की कायम मुरडलेले राहते आणि लवकर फाटते. वॉशर आणि स्प्लिट पिना नव्या घातल्या.

जुना शॉकअप बाजूला झाल्यावर मागच्या डाव्या यू-बोल्टचे, म्हणजे पाटे आसाला आवळून धरणाऱ्या बोल्टांचे, दर्शन नीट झाले. प्लेट आणि पाट्याच्या मध्ये गंजाची तांबडी भुकटी साचली होती. लोखंड लोखंडावर हलत असल्याची ती खूण आहे. पाना लावला तर नट अर्ध्याहून अधिक वळसा फिरला. 16,000 रुपयांच्या अंदाजात चारही पाट्यांना नवा बाक देणे होते, पण खरी गरज होती ती या बोल्टांची. यू-बोल्ट ढिले राहिले की आसाचा सगळा ओढा पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, आणि आस जागेवरून सरकतो.

24 ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज उरकल्यावर गाडी पाटेवाल्याकडे नेली. त्याने पाटे तपासले. तुटलेला एकही नाही आणि बाक दोन्ही बाजूंना सारखा आहे. मागच्या डाव्या बाजूचे दोन यू-बोल्ट नवे घातले, कारण ढिला राहून ताणलेला बोल्ट पुन्हा आवळला तरी धरत नाही. सेंटर बोल्ट काढून पाहिला, तो चांगला होता. उजव्या बाजूचे यू-बोल्ट घट्टच होते. बोल्टांचे 700 आणि मजुरीचे 500 रुपये झाले. पाटे उतरवून नव्याने बाक द्यायचा का, असे त्याने विचारले. समोरून हौद्याची पातळी पाहून मी नको म्हटले, आणि त्यानेही आग्रह केला नाही.

26 ऑक्टोबर, रविवार

पुढची जोडी बदलली. इथले नट आठवडाभराच्या स्प्रेने मऊ झाले होते, त्यामुळे दुपारच्या जेवणाआधीच काम उरकले. शॉकअपबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. दोन्ही जुन्या दांड्यांवर, टोपण गंजून गळाल्यामुळे, खड्यांचे बारीक टवके उडालेले होते आणि सील तिथूनच गेले होते.

या कामात दोन वस्तू वाढल्या. पाटा पूर्ण दबल्यावर आसाला आपटू न देणारा रबरी ठोकळा डाव्या बाजूला नव्हताच, आणि उजव्या बाजूचा अर्धा तुटलेला होता. तो नसला की मोठ्या खड्ड्यात थांबा शॉकअपलाच बनावे लागते, आणि नव्या शॉकअपचे आयुष्य तिथेच संपते. ठोकळ्यांची जोडी 360 रुपयांना मिळाली. दुसरे म्हणजे पुढच्या शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश. टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलले तर शॅकल दिसेल इतकी सरकत होती. पुतण्या ज्याला शॉकअपची खडखड समजत होता, तिचा मोठा वाटा हाच होता. बुशचा संच 640 रुपयांना पडला. शॅकल काढण्यासाठी मात्र गाडी जॅकवर उचलून चासीखाली घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावाव्या लागल्या. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कोणालाही जाऊ देत नाही, पुतण्याला तर नाहीच.

30 ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री गाडी भरून वाशीला गेली आणि आज दुपारी रिकामी परतली. मी मुद्दाम परतीला कल्याणपासून सोबत होतो. भरलेल्या गाडीत फारसा फरक पडला नाही असे पुतण्याने सांगितले, आणि ते अपेक्षितच होते.

रिकाम्या गाडीतला फरक मुरबाडच्या पुढे उघड झाला. गतिरोधकावर मागचा भाग एकदा उठतो आणि बसतो. पूर्वी तो बसून पुन्हा उठत असे, आणि रिकामे क्रेट हौद्यात आदळत. घाटाच्या चढावर, तुटलेल्या डांबराच्या वळणांत मागचा आस बाहेर सरकत असल्याचा भास होत असे, तो गेला. प्रवास मऊ झालेला नाही, आणि तो होणारही नव्हता. रिकाम्या पिकअपचे पाटे ताठच असतात, खड्डा अजूनही कमरेला कळतो. पण खड्डा एकच असेल तर आता दणकाही एकच बसतो. घरी आल्यावर चारही नळ्यांना हात लावला, चारही सारख्या गरम होत्या.

पुढच्या डाव्या टायरची घरघर मात्र तशीच आहे. रबरात एकदा पडलेली लहर शॉकअप बदलून भरून येत नाही.

16 नोव्हेंबर, रविवार

गाडीने भरून काही फेऱ्या केल्यानंतर सर्व नट पुन्हा तपासले. नव्या यू-बोल्टांचा एक नट किंचित फिरला, बाकी जागेवर आहेत. नवे यू-बोल्ट भाराखाली बसतात, म्हणून ही दुसरी आवळणी टाळता येत नाही. शॉकअपच्या नळ्या कोरड्या आहेत. शॅकलचे बुश बदलल्यामुळे पुढचा टो पाहून घेतला. थोडा फरक होता तो काढला, 400 रुपये लागले.

खर्च असा आहे : शॉकअप 5,530, यू-बोल्ट आणि मजुरी 1,200, शॅकल बुश 640, रबरी ठोकळे 360, टो 400, स्प्रे 220, वॉशर आणि स्प्लिट पिना 120. एकूण 8,470 रुपये. ग्राइंडर, घोड्या आणि गोटी पान्यांचा संच घरचाच असल्यामुळे धरलेला नाही. ज्याच्याकडे ही अवजारे नाहीत, त्याने शॉकअप स्वतः विकत घेऊन फक्त बसवण्याची मजुरी देणे अधिक किफायतशीर ठरेल, एका कामासाठी संच विकत घेऊ नये.

जुन्या नळ्यांत उरलेले तेल डब्यात गाळून घेतले आणि गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात दिले, बांधावर ओतले नाही. नळ्या भंगारात गेल्या.

लहर पडलेला टायर मागे उजवीकडे टाकला आहे. तिथे भाराखाली ती थोडी सपाट होण्याची शक्यता असते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग असते, आमचे फेब्रुवारीत आहे. त्याआधी तळवा पुन्हा एकदा टायरवरून फिरवायचा, आणि लहर तेवढीच असेल तर उरलेल्या 1,530 रुपयांत भर घालून टायर बदलायचा.